हूड अडलं: दोष ऑइलचा की करंटचा?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हिंदू कॉलनीतले एक डॉक्टरकाका आपली कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडता-मिटता येणारी गाडी, घेऊन आमच्या माहीमच्या गॅरेजात आले. कापडी हूड, म्हणजे तिचं छत, अर्ध्यावर उभं, मागच्या सीटवर प्लास्टिक अंथरलेलं आणि आभाळ भरून आलेलं. आधी दाखवलं तिथे पंप बदलायला सांगितलं होतं.

"पंप गेलाय म्हणतात हो," काका म्हणाले.

"बटण दाबल्यावर आवाज कसला येतो, काका?"

त्यांना सांगता येईना. त्यात त्यांची काही चूक नाही. हूड अडलं की माणूस हूडाकडे बघतो, ऐकत नाही. पण बटणावर चालणाऱ्या हूडाची दोन मोठी दुखणी बाहेरून अगदी सारखी दिसतात, आणि त्यांतला फरक आधी कानालाच कळतो. एक दुखणं ऑइलचं, दुसरं करंटचं. एकाच्या जागी दुसऱ्याचा इलाज केला की पैसा जातो आणि हूड तिथंच राहतं.

रचना समजली तर पुढचं सोपं आहे. डंपरचा हौदा ज्या जॅकवर उचलला जातो, तसलेच पण बोटाएवढे जाड जॅक हूडाच्या दोन्ही बाजूंना असतात. डिकीत किंवा मागच्या सीटमागे एक विजेची मोटर, तिला जोडलेला पंप आणि ऑइलची छोटी टाकी. मोटर एका दिशेला फिरली की हूड उघडतं, उलटी फिरली की मिटतं. उचलण्याचं काम हे ऑइल करतं. करंटकडे दोन कामं: मोटर फिरवणं आणि त्याआधी परवानगी देणं. काचा खाली आल्या का, डिकी बंद आहे का, पुढची कडी सुटली का, हूड ज्या झाकणाखाली जाऊन बसतं ते पूर्ण उघडलं का, हे जागोजागचे छोटे स्विच कंट्रोल युनिटला कळवत असतात. एकाचंही उत्तर आलं नाही तर मोटर थांबते. पंप तेव्हा ठणठणीत असतो.

म्हणून बटण दाबा आणि ऐका. मोटर घरघरतेय पण हूड जागचं हलत नाही, किंवा कण्हत कण्हत उठतं आणि हाताने थोडा आधार दिला की चालू लागतं, तर संशय ऑइलवर घ्यावा. ऑइल कमी झालंय, त्यात हवा शिरलीय किंवा जॅकचं सील गेलंय. डिकीचं कार्पेट उचलून बघा, कडेच्या अस्तरावर ओलसर डाग आहे का ते बघा. एक बाजू पुढे आणि दुसरी मागे राहत असेल तर मागे राहणाऱ्या बाजूचा जॅक किंवा त्याची नळी आधी तपासावी. अशा वेळी बटण दाबून धरू नका, सांगाडा पिळला जातो आणि मग खर्चाला अंत नसतो.

उलट आवाजच नाही, किंवा रिलेचा, म्हणजे मोटरचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा, नुसता 'टक्' होऊन सगळं शांत झालं, तर दोष करंटच्या बाजूचा. काचा खाली येतात आणि पुढे काहीच होत नाही, हेही त्यातलंच: हुकूम पोचलाय, परवानगी अडलीय. कित्येक गाड्यांत डिकीच्या आत सामान आणि हूड यांच्यामध्ये एक पडदा किंवा फळी असते. ती खाली बसलेली नसेल तर हूड उघडतच नाही. बॅग कोंबताना ती वर सरकते आणि गाडी थेट गॅरेजात येते. पोर्शच्या पहिल्या बॉक्स्टरमध्ये तर हँडब्रेक ओढल्याशिवाय हूड हलत नसे. हँडब्रेकच्या स्विचचा दोष तिथे हूडाचा दोष म्हणून समोर येतो.

माझ्या मते सगळ्यांत खात्रीची खूण म्हणजे थांबण्याची जागा. प्रत्येक वेळी हूड नेमकं त्याच टप्प्यावर थांबत असेल आणि तिथे मोटरही गप्प होत असेल, तर त्या टप्प्याचा स्विच बोलत नाहीये. आज इथे, उद्या तिथे, सकाळी बरं आणि दुपारी वाईट असं असेल तर ऑइलकडे वळावं. मात्र लागोपाठ चार-पाच वेळा उघडझाप केल्यावर हूड थांबलं तर आधी अर्धा तास गाडीला हात लावू नका. मोटर तापली की तिचं संरक्षण तिला बंद करतं, आणि थंड झाल्यावर ती आपोआप सुरू होते.

आता या दोन दुखण्यांची सरमिसळ कुठे होते ते सांगतो, कारण भले भले तिथेच फसतात. मोटर चालते, पण मंद. हूड दमल्यासारखं उठतं. कान सांगतो पंप गेला, आणि असतं काय, तर मोटरला पुरता करंटच मिळत नाही. मुंबईत हे नेहमीचं आहे. गाडी सोसायटीच्या आवारात महिना महिना कव्हरखाली उभी, बॅटरी अर्धमेली. त्यात समुद्राची खारी हवा अर्थिंगच्या, म्हणजे करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या, जोडावर गंज चढवते. इथे लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा मल्टिमीटर निकाल देतो. उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीला 12.6 व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4. मग इंजिन चालू ठेवून, हूड उचललं जात असताना थेट मोटरच्या टोकांवर मोजा. बॅटरीवर 13 च्या वर आणि मोटरवर 10 असेल तर मधले 3 व्होल्ट गंजलेल्या जोडात किंवा जळक्या रिलेत खर्च होताहेत. नुसत्या अर्थिंगच्या बाजूला अर्ध्या व्होल्टहून जास्त पडत असेल तरी तो जोड उघडून घासावा. मोटरला पूर्ण व्होल्ट मिळूनही हूड दमत असेल, तेव्हाच पंपाची चर्चा करावी. मोजल्याशिवाय पंप बदलणं मला अजिबात पटत नाही.

उलटी चूकही होते. ऑइल कमी असल्याने हूड शेवटच्या दोन इंचांत पोचत नाही, म्हणून शेवटचा स्विच लागत नाही, आणि गाडीच्या कंट्रोल युनिटमधले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर दोष येतो स्विचचा. मग लोक स्विच बदलत बसतात. स्कॅनर खोटं सांगत नाही. स्विच लागला नाही एवढंच तो सांगतो, का लागला नाही ते शोधणं आपलं काम.

ऑइल भरताना घाई नको. काही गाड्यांना हिरवं हायड्रॉलिक ऑइल लागतं, काहींना गिअरबॉक्सचं लाल एटीएफ. भलतंच घातलं तर सील खराब होतात. पातळीसुद्धा गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या स्थितीतच बघावी, कारण हूड उघडं की बंद यावर टाकीतलं ऑइल वरखाली होतं.

आणि आपल्या गाडीत ऑइल आहे का, हे तर आधी विचारा. 2018 साली आलेली बीएमडब्ल्यू झेड-4 आणि 2016 पासूनची मिनी कन्व्हर्टिबल यांची हूडं पूर्णपणे विजेच्या मोटरींवर चालतात. तिथे पंप शोधायचाच नसतो.

डॉक्टरकाकांचं हूड प्रत्येक वेळी त्याच उंचीवर थांबत होतं आणि मोटर तिथे चट्कन बंद पडत होती. मोटरवर व्होल्ट व्यवस्थित, ऑइल भरलेलं, कुठे डाग नाही. मागच्या झाकणाच्या स्विचचा प्लग काढला तर आतल्या पिनांवर हिरवा थर. पाणी आलं कुठून म्हणून हूडाच्या खोबणीत हात घातला तर पर्जन्यवृक्षाच्या बारीक पानांचा लगदा हाताला लागला. काकांची गाडी वर्षभर त्याच झाडाखाली उभी असते. खोबणीतलं पाणी वाहून जायची भोकं पूर्ण बुजली होती. 2002 साली आलेल्या पहिल्या झेड-4 मध्ये तर हूडाची मोटरच अशा खोबणीच्या तळाशी बसवली होती, आणि भोकं तुंबून मोटरी बुडण्याचा प्रकार जगभर झाला. काकांचं नशीब, त्यांचा एक प्लगच भिजला.

पिना साफ केल्या, प्लग सुकवला, भोकांतून मऊ नायलॉनची दोरी फिरवली. तार घालू नये, आतली रबरी नळी फाटते. मग खोबणीत तांब्याभर पाणी ओतलं आणि काकांना खाली वाकून बघायला सांगितलं. मागच्या चाकाजवळ धार लागली तेव्हा मी त्यांना म्हटलं, "हे मे महिन्यात एकदा आणि पावसात दर पंधरा दिवसांनी करायचं, काका." त्यांनी बटण दाबलं. हूड सरळ वर आलं, पुढची कडी लागली, काचा चढल्या. प्लास्टिकची घडी करून त्यांनी ते आमच्याकडेच ठेवलं.