एक रुग्ण, दोन वॉर्ड : मनोविकार आणि व्यसन यांच्या शुश्रूषेची पार्श्वभूमी

मनोविकार आणि दारूचे किंवा अमली पदार्थांचे व्यसन एकाच माणसात असणे, यात मानसोपचार वॉर्डातल्या नर्सला नवल वाटत नाही. तरीही या दोन दुखण्यांची शुश्रूषा दीर्घकाळ वेगवेगळ्या इमारतींत, वेगवेगळ्या नियमांखाली वाढली.

मनोरुग्णांच्या साखळ्या काढण्याचे श्रेय सहसा फ्रेंच डॉक्टर फिलिप पिनेल यांना दिले जाते. प्रत्यक्षात पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात १७९७ मध्ये त्या उतरवल्या ज्याँ-बाप्तिस्त प्युसँ यांनी, आणि तेव्हा पिनेल तिथून दुसऱ्या रुग्णालयात गेलेले होते. प्युसँ डॉक्टर नव्हते. गंडमाळेवर उपचार घ्यायला ते बिसेत्रमध्ये आले, बरे झाले आणि तिथेच नोकरीला राहिले. पुढे वेड्यांच्या विभागाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. बऱ्या झालेल्या रुग्णांना सेवक म्हणून घेण्यावर त्यांचा भर असे, कारण हाल सोसलेला माणूस सहसा दुसऱ्यावर हात उगारत नाही. पिनेल यांनी हे ऋण आपल्या लेखनात मान्य केले, पण लोकांच्या लक्षात डॉक्टरच राहिला. या क्षेत्रात पुढेही असेच होत आले आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या वेड्यांच्या इस्पितळांत सेवकाचे काम म्हणजे किल्ल्या सांभाळणे, स्वच्छता आणि रुग्णांना आवरणे. प्रशिक्षण असे काही नव्हतेच. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या मॅक्लीन इस्पितळाने १८८२ मध्ये मनोरुग्णांच्या शुश्रूषेची शाळा काढली आणि ब्रिटनमध्ये १८८५ साली सेवकांसाठी पहिली मार्गदर्शक पुस्तिका निघाली.

व्यसनाची वाट याहून खडतर. दारूची सवय हा आजार आहे, असे अमेरिकी डॉक्टर बेंजामिन रश यांनी १७८४ मध्येच लिहिले होते, पण समाजाच्या लेखी तो स्वभावाचा दोष राहिला आणि अनेक रुग्णालये दारुड्यांना दाखलच करून घेत नसत. ओहायोतील अक्रन इथल्या सेंट थॉमस रुग्णालयात रुग्ण दाखल करण्याचे काम सिस्टर इग्नेशिया पाहत. १९३५ मध्ये ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही मद्यपींची परस्परमदत संघटना सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक, डॉ. बॉब स्मिथ, याच गावचे. त्यांच्या विनंतीवरून १९३९ मध्ये सिस्टरने एका दारुड्याला ‘जठराचा तीव्र दाह’ असे निदान लिहून दाखल करून घेतले. (निदान अगदीच खोटे म्हणता येणार नाही, सतत पिणाऱ्याच्या जठराची अवस्था तशी असतेच.) नियमातून काढलेल्या या पळवाटेतून पुढे तिथे मद्यपींचा स्वतंत्र वॉर्ड उभा राहिला.

तिकडे मनोरुग्णांच्या शुश्रूषेला सैद्धांतिक पाया दिला अमेरिकी नर्स हिल्डगार्ड पेपलाउ यांनी. नर्स आणि रुग्ण यांच्यातले नाते हेच उपचाराचे साधन आहे, हे मांडणारे त्यांचे पुस्तक १९४८ च्या सुमारास तयार होते. पण डॉक्टर सहलेखक नसताना एका नर्सने असे काही लिहावे हे त्या काळी पचणारे नव्हते; ते १९५२ मध्ये छापले गेले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन या औषधाचे मनोविकारांवरचे परिणाम समोर आले. औषधामुळे रुग्ण निवळू लागला, बोलू लागला, आणि नर्सच्या संवादाला वाव मिळाला.

मग इस्पितळे रिकामी होऊ लागली. अमेरिकेत १९६३ च्या कायद्याने, इटलीत १९७८ च्या कायद्याने रुग्णांना समाजात परत आणायचे ठरले. समाजात दारू होती, गर्दही होती. पुरेशी आधारकेंद्रे मात्र नव्हती. मानसोपचारवाले म्हणत, आधी व्यसन सोडून या. व्यसनमुक्ती केंद्र म्हणे, आधी डोके ठिकाणावर आणा. काही केंद्रांना तर मनोविकारावरची गोळीही नशाच वाटे. या दोन दारांमधली फरपट दिसू लागल्यावर १९८० च्या दशकात ‘दुहेरी निदान’ हा शब्द रुळला आणि दोन्ही उपचार एकाच चमूने करावेत, हा विचार पुढे आला.

हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हता. दारू अचानक थांबली की काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. दोन-चार दिवसांत भास आणि भ्रम सुरू होऊ शकतात, झटकेही येतात. हे भास मनोविकाराचे समजले गेले तर जीवावर बेतते. म्हणून १९८९ मध्ये सुधारून मांडलेली दारू थांबल्यावरचा त्रास मोजणारी दहा मुद्द्यांची सीवा मोजपट्टी महत्त्वाची ठरली. कंप, घाम, मळमळ, अस्वस्थता, भास यांना नर्स ठरावीक वेळाने गुण देते आणि त्यावरून औषधाची मात्रा ठरते. उलटही घडते: पिण्यामागे दबलेले नैराश्य दारू उतरल्यावर काही आठवड्यांनी उघडे पडते. तोवर नेमके निदान करण्याची घाई करायची नाही, मात्र आत्महत्येचा धोका पहिल्या दिवसापासून विचारायचा, हा शिरस्ता त्यातूनच आला.

पूर्ण सोडल्याशिवाय उपचार नाहीत, ही अटही पुढे सैल झाली. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये डोल आणि नायस्वँडर या डॉक्टरांनी हेरॉइनच्या व्यसनावर त्याऐवजी मेथाडोन हे त्याच जातीचे औषध देखरेखीखाली द्यायला सुरुवात केली. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये २००३ साली नर्सच्या देखरेखीखाली नशेचे इंजेक्शन घेण्याचे केंद्र उघडले. अतिमात्रा झाली तर श्वास सावरायला तिथे नर्स हजर असते. तिथल्या केंद्र सरकारला हे ठिकाण बंद करायचे होते. २०११ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते चालू ठेवायला लावले.