‘रन होतो’ ही कसोटी : प्रोग्रामिंगच्या पहिल्या पुस्तकांची पार्श्वभूमी

नवशिक्यांच्या हाती कोणते पुस्तक द्यायचे, हा कोकणातल्या कॉलेजांत दर जूनला निघणारा विषय. सी या प्रोग्रामिंग भाषेचे मूळ पुस्तक १९७८ चे, दुसरी आवृत्ती १९८८ ची. पण ज्याने कधीच प्रोग्राम लिहिलेला नाही, त्याच्यासाठी ते लिहिलेलेच नव्हते. इथे चालली ती देशी पुस्तके. कोल्हापूरहून आंबा घाटाने, कराडहून कुंभार्लीने ती खाली उतरत आणि दरड कोसळली की अडकत. अभ्यासक्रमाखाली छापलेली संदर्भग्रंथांची यादी हीच ग्रंथालयाची खरेदीयादी असे.

चांगले पुस्तक म्हणजे ‘सोपे’ आणि ज्यातले प्रोग्राम ‘रन होतात’ ते, असे तेव्हा ठरले. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीला एकदम इंग्रजी अशा मुलांना छोटी वाक्ये आणि भरपूर सोडवलेले प्रोग्राम यांचाच आधार होता. त्या लेखकांचे हे ऋण मी मानतो. गोंधळ झाला तो ‘रन होतो’ या शब्दांत. ‘रन होतो’ याचा अर्थ लॅबमधल्या टर्बो सीवर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या एका जुन्या कंपायलरवर, रन होतो. सीचे पहिले स्टँडर्ड (भाषेचे अधिकृत नियम) १९८९ मध्ये ठरले होते, पण ते आणि टर्बो सी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगणारे पान बहुतेक पुस्तकांत नव्हते.

सर्वांत जास्त वाद पेटला तो ‘व्हॉइड मेन’वर. सीचा प्रोग्राम ‘मेन’ या फंक्शनपासून, म्हणजे आज्ञांच्या गटापासून, सुरू होतो. त्याच्या आधीचा ‘व्हॉइड’ म्हणजे ते काहीच परत करत नाही, ‘इंट’ म्हणजे पूर्णांक परत करते. जुन्या पद्धतीने नुसते ‘मेन’ लिहिले, की फंक्शनने काहीतरी परत करायला हवे असा इशारा टर्बो सी देई. पुढे ‘व्हॉइड’ लावले की इशारा गायब. पुस्तकांनी हा मार्ग धरला आणि उत्तरपत्रिकांतही तोच उतरला. स्टँडर्डने मात्र ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या प्रोग्रामसाठी ‘इंट’ सांगितले होते, म्हणजे काम नीट झाल्याचा शून्य सिस्टिमला परत जाईल. व्हॉइडवाल्यांचा सवाल असा, की ‘रिटर्न झीरो’ म्हणजे शून्य कुणाला परत, हे पहिल्याच तासाला मुलांना कसे समजावायचे? शिवाय १९९९ च्या स्टँडर्डने कंपायलरला स्वतःची वेगळी रीत ठेवायची मुभा दिली, आणि उपकरणांत बसवलेल्या छोट्या चिपची, मायक्रोकंट्रोलरची, तर गोष्टच निराळी, तिथे बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमच नसते. हे मुद्दे खोटे नाहीत. पण सी++ मध्ये, म्हणजे सीवरून वाढवलेल्या भाषेत, अशी सूट नाही, आणि बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेणारी मुले सी++ च शिकत होती. लिनक्सवर, स्टँडर्ड पाळणाऱ्या कंपायलरपुढे, बसल्याबरोबर तीच ओळ त्यांना एरर म्हणून परत मिळे. ऑनलाइन स्पर्धांत नुकसान याहून मोठे होते. सीमध्ये उत्तर अगदी बरोबर, पण प्रोग्राम संपताना शून्याऐवजी भलताच आकडा बाहेर पडे, पुष्कळदा शेवटच्या प्रिंटएफने (छापण्याच्या आज्ञेने) छापलेल्या अक्षरांची संख्या, आणि ‘रनटाइम एरर’ म्हणून गुण जात. लॉजिक पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या त्या मुलाला पुस्तकाच्या पहिल्या ओळीवर संशय येणार तरी कसा?

पुस्तक पारखण्याची माझी स्वतःची जागा दुसरी आहे : फॅक्टोरियलचे, म्हणजे १ पासून दिलेल्या संख्येपर्यंतच्या गुणाकाराचे, पान. बहुतेक ठिकाणी इनपुट ५, आउटपुट १२० एवढेच छापलेले असते. तोच प्रोग्राम साध्या ‘इंट’वर असेल आणि टर्बो सीत ८ दिले, तर ४०३२० च्या जागी -२५२१६ येते, कारण तिथला इंट दोन बाइटचा आणि ३२७६७ ला संपणारा. चार बाइटच्या इंटवर १२ पर्यंत सगळे ठीक. १३ ला सहसा १९३२०५३५०४ दिसते. खरे उत्तर ६२२७०२०८०० आहे. आकडा धन आणि भरघोस असल्याने ही चूक कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. या पानावर ८ किंवा १३ चा उल्लेख करणारा लेखक पुढे पॉइंटरही (मेमरीतले पत्ते) जबाबदारीने शिकवेल, असा भरवसा वाटतो.

पुढे ६४-बिट विंडोज आले. त्यावर १६-बिट टर्बो सी चालेना, तेव्हा पुस्तक बदलण्याऐवजी लॅबमध्ये जुनी डॉस सिस्टिम भासवणारा डॉसबॉक्स बसवला गेला आणि टर्बो सीचा निळा पडदा परत आला. माझ्या मते या सगळ्या काळातला हाच सर्वांत चुकीचा निर्णय होता. मुलांना सहज मोफत मिळणारा नवा कंपायलर दाखवता आला असता.

पायथन या दुसऱ्या भाषेने प्रश्न मिटेल असे वाटले होते. पण आवृत्ती ३ डिसेंबर २००८ मध्ये आली, आवृत्ती २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, आणि मधल्या काळात छापलेली पुस्तके अजून कपाटांत आहेत. कंस नसलेला ‘प्रिंट’ निदान लगेच अडतो. ‘इनपुट’ मात्र अडत नाही. आवृत्ती २ मध्ये तो ५ ला संख्या मानी, ३ मध्ये तो मजकूर देतो. म्हणून जुन्या पुस्तकातल्या बेरजेला ५ आणि ५ दिले की ५५ येतात. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पुराने ग्रंथसंग्रह भिजले. अशी कपाटे पुन्हा भरताना तरी यादीतल्या पुस्तकांच्या आवृत्त्या पाहायला हव्यात. नाहीतर पुस्तकाबरहुकूम टाइप केलेली मुलगी पडद्यावरचे ५५ पाहून आपलेच काय चुकले ते शोधत बसते.