पार्श्वभूमी : बार्शी लाइट ते लातूर–मिरज ब्रॉडगेज

प्रादेशिक रेल्वेमार्गाच्या सर्वेक्षणात पहिला प्रश्न असतो, प्रवासी आणि माल किती मिळेल. लातूर–मिरज मार्गाचा इतिहास पाहता त्याआधी विचारायला हवे, वाहतूक नेमकी अडते कुठे?

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुख्य मार्ग कुर्डुवाडीवरून गेला आणि बार्शीची पेठ सुमारे 35 किलोमीटर बाजूला राहिली. ती जोडण्यासाठी बार्शी लाइट रेल्वे आखताना ब्रिटिश अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी हिशेब एक्सलच्या (चाकांची जोडी जोडणाऱ्या आसाच्या) भारापासून मांडला. इंजिन असो की वाघीण, एका एक्सलवर 5 टनांहून जास्त भार नको. त्यामुळे एक यार्ड लांबीला 30 पौंड वजनाचा हलका रूळ पुरला. 762 मिलिमीटरच्या अरुंद गेजवर (गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर) 1897 मध्ये गाडी बार्शीला पोहोचली, 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला, 1927 मध्ये मिरजेला. उत्तम अभियांत्रिकी होती ती.

दुखणे गेज बदलण्याच्या ठिकाणी होते. कुर्डुवाडीला प्रत्येक पोते एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायचे. हमाली वाढे, दिवस जात, माल सांडे. ट्रक आल्यावर व्यापारी रस्त्याकडे वळले. अशा मार्गावर आजची वाहतूक मोजून परताव्याचा दर काढला तर तो कमीच येणार, कारण निघून गेलेला माल मोजणीत दिसतच नाही.

पुढे मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे मुख्य मार्गाच्याच रुंद गेजचा, करताना जुनी आखणी बदलून धाराशिव शहर मार्गावर आणले, हा निर्णय फार मोलाचा. 2008 मध्ये लातूर–कुर्डुवाडी ब्रॉडगेज झाले, पंढरपूर–मिरज त्यानंतर. म्हणूनच एप्रिल 2016 च्या टंचाईत मिरजेहून 50,000 लिटरच्या 10 वाघिणी पाणी घेऊन थेट लातूरला जाऊ शकल्या.

एकेरी मार्गाची क्षमता स्कॉटच्या सूत्राने काढतात. ब्लॉक सेक्शन म्हणजे दोन स्टेशनांमधला, एका वेळी एकच गाडी सोडता येणारा टप्पा. सर्वांत वेळखाऊ ब्लॉक सेक्शन पार करायला 20 मिनिटे आणि ब्लॉकच्या कामाला (पुढच्या गाडीसाठी मार्ग मोकळा करून घ्यायला) 5 मिनिटे धरा. दिवसाची 1440 मिनिटे भागिले 25, गुणिले 0.7 (प्रत्यक्ष वापरता येणारा वाटा), म्हणजे दोन्ही दिशा मिळून दिवसाला 40 गाड्या. त्याच सेक्शनच्या मध्ये क्रॉसिंग स्टेशन (समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडतात ते) टाकून वेळ 10 मिनिटांवर आणला तर तिथली क्षमता 67 होते. मग पुढचा सर्वांत लांब सेक्शन मर्यादा ठरवतो. दुहेरीकरणाचा खर्च मांडण्याआधी हे सेक्शन एकेक करून तपासावेत. क्रॉसिंग स्टेशनवरचा लूप (गाडी बाजूला उभी करायचा रूळ) मात्र सुमारे 700 मीटरचा हवा. तो आखूड पडला तर पूर्ण लांबीची मालगाडी आत मावत नाही, आणि समोरून येणारी गाडी मागच्याच स्टेशनवर थांबवावी लागते.