आतड्याची गळती आणि यकृताचे रुग्ण : रक्तातल्या खुणांची पार्श्वभूमी

आतड्यातलं रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृतात येतं. त्यासोबत जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, थोडेफार येतच असतात आणि यकृतातल्या कुप्फर पेशी ते टिपून घेतात. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होतं त्या आजारात, दोन्हीकडून बिघडतं. आतड्याच्या पेशींमधले सांधे सैल होतात आणि बरंचसं रक्त यकृताला वळसा घालून पुढे जातं. त्यामुळे रक्तात एंडोटॉक्सिन वाढलेलं दिसलं, तरी गळती वाढली की गाळणी निकामी झाली, हे एका आकड्यावरून सांगता येत नाही.

मोजणीची सुरुवात हॉर्सशू क्रॅब या सागरी प्राण्यापासून झाली. ग्राम-निगेटिव्ह जिवाणू (ज्यांच्या आवरणात एंडोटॉक्सिन असतं ते) टोचले की त्याचं रक्त गोठतं, हे फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये दाखवलं. पुढे जॅक लेव्हिन यांच्यासह त्यांनी १९६४ मध्ये त्या रक्तपेशींच्या अर्कातून गोठण्याची चाचणी उभी केली, तीच लिम्युलस चाचणी. इंजेक्शनची औषधं तपासायला ती उत्तम. रुग्णाच्या प्लाझ्मात, म्हणजे पेशी काढून उरलेल्या रक्तद्रवात, मात्र फार त्रास देते. प्लाझ्मातली प्रथिनं एंडोटॉक्सिनला धरून बसतात, म्हणून नमुना साधारण दहापट पातळ करून ७० अंश सेल्सिअसला १० मिनिटं तापवतात. नमुन्याची नळी पायरोजेनमुक्त (ताप आणणाऱ्या द्रव्यांपासून मुक्त) नसेल तर नळीवरचंच एंडोटॉक्सिन मोजलं जातं. बुरशीतलं बीटा-ग्लुकनही गोठण्याची तीच साखळी पेटवतं. त्यामुळे नमुन्यात ठरावीक एंडोटॉक्सिन मुद्दाम मिसळून त्यातलं ५० ते २०० टक्के परत मोजलं जातं का, हे पाहिलं नसेल तर निकाल बाजूला ठेवलेला बरा.

दुसरी वाट लघवीची. उपाशीपोटी लॅक्टुलोज आणि मॅनिटॉल पाजायचं, पाच-सहा तासांची लघवी गोळा करायची आणि दोन्ही साखरांचं गुणोत्तर काढायचं; लॅक्टुलोजचा रेणू मोठा, तो सांधे सैल असले तरच जास्त झिरपतो. यकृताच्या रुग्णात अडचण अशी, की यकृतामुळे येणाऱ्या भ्रमावर लॅक्टुलोज हेच रोजचं औषध असतं आणि चाचणीसाठी ते थांबवणं नेहमीच परवडत नाही. १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये क्रोमियम-५१ लावलेल्या ईडीटीएचा (गळती मोजायला पाजायच्या किरणोत्सारी खूण लावलेल्या द्रव्याचा) अभ्यास आला. त्यातल्या मद्यपींना सिरॉसिस नव्हता, तरी आतडं गळत होतं. दारू सोडल्यावरही अनेकांत ते दोन आठवड्यांपर्यंत टिकलं. म्हणजे गळती यकृत खराब होण्याच्या आधीही असू शकते.

एंडोटॉक्सिन रक्तात क्षणिक असतं, म्हणून १९९० नंतर त्याला शरीर काय उत्तर देतं ते मोजणं सुरू झालं: एलबीपी (एंडोटॉक्सिनला धरणारं प्रथिन) आणि विरघळलेला सीडी१४ (एंडोटॉक्सिन ओळखणारं, पेशींवरून सुटून रक्तात आलेलं प्रथिन). जलोदराच्या ज्या रुग्णांत एलबीपी वाढलेलं होतं, त्यांच्यात नॉरफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक दिल्यावर ते उतरलं. आतड्यातले जिवाणूच मूळ आहेत, याचा हा बऱ्यापैकी भक्कम पुरावा. पण एलबीपी यकृतातच तयार होतं आणि कुठल्याही संसर्गात वाढतं. सीआरपी (दाह दाखवणारी रक्तचाचणी) सोबत न पाहता त्याचा अर्थ लावू नये. आय-एफएबीपी (आतड्याच्या पेशींतलं एक प्रथिन) ही तर गळतीची खूणच नव्हे, आतड्याच्या पेशी मेल्याची खूण आहे. ते मूत्रपिंडातून काही मिनिटांत निघून जातं, त्यामुळे क्रिएटिनिन चढलेल्या, म्हणजे मूत्रपिंड मंदावलेल्या रुग्णात आकडा फुगतो.

सगळ्यात गाजलं झोन्युलिन, म्हणजे आतड्याच्या पेशींमधले सांधे सैल करणारं प्रथिन. अलेस्सिओ फसानो यांच्या गटाने २००० मध्ये ते सीलिएक आजारात (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणाऱ्या आजारात) मांडलं आणि २००९ मध्ये ते प्री-हॅप्टोग्लोबिन-२, म्हणजे हॅप्टोग्लोबिन या रक्तातल्या प्रथिनाचं पूर्वरूप, असल्याचं सांगितलं. २०१८ च्या सुमारास उघड झालं, की बाजारात सर्रास वापरले जाणारे एलायझा (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजणारे) किट ते प्रथिन ओळखतच नाहीत, दुसरंच काहीतरी पकडतात. शिवाय हॅप्टोग्लोबिन १-१ जनुकप्रकाराच्या माणसात झोन्युलिन बनतच नाही, आणि हॅप्टोग्लोबिनचा मुख्य कारखाना यकृत. तेव्हा सिरॉसिसच्या रुग्णाच्या रिपोर्टवर झोन्युलिन ‘नॉर्मल’ छापून आलं, तरी त्यावरून आतडं शाबूत आहे असं धरता येत नाही.