एनके आणि डेंड्रिटिक पेशींची 'परस्पर सक्रियता': पार्श्वभूमी

डेंड्रिटिक पेशींचं (जंतूंचे तुकडे टी पेशींना दाखवणाऱ्या प्रतिकार पेशी) वर्णन १९७३ मध्ये झालं, एनके पेशींना ('नॅचरल किलर', बाधित किंवा बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या) नाव मिळालं १९७५ मध्ये. तरी जवळपास पंचवीस वर्षं दोघींचा अभ्यास वेगवेगळ्या खोल्यांत चालला. मधला दुवा मॅक्रोफेजने, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशीने, जोडला. मॅक्रोफेजला चेतवणारा इंटरफेरॉन-गॅमा हा संदेशवाहक रेणू टी पेशींकडूनच येतो, असं गृहीत होतं. पण टी आणि बी पेशी नसलेल्या स्किड उंदरांना (जन्मजात प्रतिकारदोष असलेले) लिस्टेरिया या जिवाणूचा संसर्ग केला तरी मॅक्रोफेज चेतले. इंटरफेरॉन एनके पेशींचा होता. मॅक्रोफेजचे टीएनएफ आणि आयएल-१२ (हेही असेच संदेशवाहक रेणू; 'आयएल' म्हणजे इंटरल्युकिन) एनकेला तो बनवायला लावतात आणि आयएल-१० त्याला लगाम घालतो, हे १९९३ पर्यंत दिसलं.

आयएल-१२ चं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. १९८९ मध्ये त्याचं नाव होतं 'एनके उत्तेजक घटक'. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने वेगळं नाव दिलं. रेणू पी३५ आणि पी४० या दोन साखळ्यांचा, जोडी मिळून पी७०. पेशी सुटा पी४० मात्र कितीतरी जास्त सोडतात, आणि २००० मध्ये तोच पी४० आयएल-२३ मध्येही सापडला. म्हणून फक्त पी४० पकडणाऱ्या एलायझाचे (प्रतिपिंडांनी रेणू मोजणारी चाचणी) 'आयएल-१२'चे जुने आकडे जपूनच वाचावेत. पी७० चं किट वापरलं तरी एक अडचण उरते: डेंड्रिटिक आणि एनके पेशी चिकटतात तिथे, त्या सांध्यातच आयएल-१२ सोडला जातो (२००४). त्यामुळे पेशी ज्या द्रवात वाढवल्या त्या माध्यमात काही सापडलं नाही, म्हणून तो नव्हताच असं होत नाही.

डेंड्रिटिक पेशी एनकेला थेट चेतवतात, हे १९९९ मध्ये उंदरांत दिसलं. उलट दिशा, म्हणजे एनकेने डेंड्रिटिक पेशींना चेतवणं, २००२ मध्ये मानवी पेशींत एकापेक्षा जास्त गटांनी दाखवली, आणि खरा घोळ इथून सुरू झाला. पाच डेंड्रिटिक पेशींमागे एक एनके असेल, तर अपुऱ्या एलपीएसलाही (जिवाणूंच्या आवरणातला, पेशींना चेतवणारा घटक) डेंड्रिटिक पेशी जोरदार प्रतिसाद देतात. प्रमाण उलटं केलं, एकीमागे पाच एनके, की प्रतिसाद बंद, कारण एनके पेशी एनकेपी३० या आपल्या ग्राहीमार्फत त्यांना मारूनच टाकतात. मरतात त्या मुख्यतः अपरिपक्व. परिपक्व पेशींवर एचएलए वर्ग-१ हे एनकेला रोखणारे रेणू जास्त असल्यामुळे त्या वाचतात. म्हणजे याला छाटणी म्हणणंही तितकंच बरोबर ठरलं असतं, पण रूढ झाला तो 'परस्पर सक्रियता' हा गोड शब्द. शिवाय १:५ हे प्रमाण प्रयोगशाळेच्या बशीतलं; लिम्फ ग्रंथीत एखाद्या पेशीला किती शेजारी भेटतात, ते त्यावरून कळत नाही.

प्रयोग फसतो तोही ठरावीक जागी. ०.४ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्याने (स्राव पार होतो, पेशी नाही) पेशी वेगळ्या ठेवल्याशिवाय परिणाम स्पर्शाचा की स्रावाचा, ते सांगता येत नाही. आयएल-२ या वाढीच्या रेणूत वाढवलेल्या एनके पेशी आधीच चेतलेल्या असतात, त्यांची तुलना ताज्या पेशींशी करू नये. आणि माध्यमात घातलेल्या सीरममध्ये एलपीएसचा अंश असला, तर डेंड्रिटिक पेशी एनके येण्याआधीच परिपक्व झालेल्या असतात, आणि श्रेय मात्र एनकेच्या खात्यावर जमा होतं.