आणे-पैशांच्या काळातल्या नाण्यांचा संच पूर्ण करताना
ग्राहकांसाठी माहितीपत्रक, कोल्हापूर

बहुतेक संच अडकतात ते पैशांअभावी नाही, तर सुरुवातीला यादी न केल्यामुळे. नाणी जमत जातात, पिशवी जड होते आणि दोन वर्षांनी लक्षात येतं की एकाच सालचे सहा पैसे आहेत, पण चवली (दोन आण्यांचं नाणं) एकही नाही. म्हणून पहिलं नाणं घेण्याआधी संच कसला करायचा ते ठरवा.

सर्वांत सोपा संच म्हणजे एका राजाच्या काळातल्या प्रत्येक किमतीचं एकेक नाणं. त्याच्या पुढची पायरी प्रत्येक साल आणि सर्वांत पुढची प्रत्येक सालाची प्रत्येक टांकसाळ. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना आम्ही सहाव्या जॉर्जचा किंमतवार संच सुचवतो. नाणी सहज मिळतात, आकार वेगवेगळे आहेत आणि चूक झाली तरी फार महाग पडत नाही.

हिशेब पक्का असू द्या: 3 पै म्हणजे 1 पैसा, 4 पैसे म्हणजे 1 आणा, 16 आणे म्हणजे 1 रुपया. हा हिशेब आपल्याकडे 31 मार्च 1957 पर्यंत चालला, पाकिस्तानात 1960 अखेरपर्यंत. सहाव्या जॉर्जच्या संचात पै, अर्धा पैसा, पाव आणा, भोकाचा पैसा, अर्धा आणा, आणा, चवली, पावली (चार आणे), अधेली (आठ आणे) आणि बंदा रुपया येतो. दहा खण झाले म्हणून इथे थांबू नका. युद्धकाळात निकेल वाचवण्यासाठी 1942 ते 1945 मध्ये अर्धा आणा, आणा आणि चवली पिवळ्या निकेल-पितळेत पाडली गेली. त्यामुळे या तिन्हींची पिवळी आणि पांढरी (तांबं-निकेलची) अशी दोन्ही नाणी लागतात. रुपयाचे तर तीन प्रकार होतात: 1938-39 चा 91.7 टक्के चांदीचा, 1940 ते 1945 चा 50 टक्के चांदीचा आणि 1947 चा वाघाच्या छापाचा निकेलचा. अधेली-पावलीही अशाच धातू बदलत गेल्या.

एडवर्ड सातव्याच्या पाव आण्यात वेगळी मेख आहे. 1906 मध्ये तांबं सोडून कांसं घेतलं गेलं. त्या एकाच सालात दोन्ही धातूंची नाणी निघाली आणि जुनी झाल्यावर रंगावरून ती ओळखता येत नाहीत. तराजूवर लगेच कळतं: तांब्याचं 6.47 ग्रॅम, कांशाचं 4.86 ग्रॅम.

टांकसाळीची खूण भिंगाखालीच पाहा, 10 पटीचं भिंग पुरतं. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला तळाच्या कमळाखाली बारीक ठिपका असेल तर तो मुंबईचा, काहीच नसेल तर कोलकात्याचा. झिजलेल्या नाण्यावरचा ठिपका आधी जातो, म्हणून गुळगुळीत रुपया कोलकात्याचा म्हणून विकत घेऊ नका. सहाव्या जॉर्जच्या काळात मुंबईची खूण काही नाण्यांवर हिऱ्याच्या आकाराची आहे आणि लाहोरची खूण इंग्रजी एल. व्हिक्टोरियाच्या 1862 च्या रुपयांची गंमत निराळी: तेच साल ठेवून 1870 च्या दशकापर्यंत रुपये पाडले गेले आणि मुंबईने पुढची सालं ठिपक्यांच्या संख्येने दाखवली. हे ठिपके लावून पूर्ण संच करायचा तर वेळ हाताशी असावा.

खरेदीचा क्रम उलटा ठेवा. दुर्मिळ नाणं आधी घ्या आणि सोपी नाणी शेवटी. उदाहरणार्थ, पाचव्या जॉर्जचा 1911 चा रुपया. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणी मागे घेऊन बरीचशी वितळवली गेली आणि 1912 पासून हत्ती नीट काढला गेला. हा रुपया मिळणार नसेल तर पाचव्या जॉर्जच्या सालवार संचाला हात घालण्यात अर्थ नाही. त्याऐवजी किंमतवार संच करा. आणखी एक: खण भरण्यासाठी गुळगुळीत नाणं घेतलं की ते पुन्हा बदलावं लागतं आणि त्याचे दोनदा पैसे जातात. सगळी नाणी साधारण एकाच प्रतीची असली की संच नजरेत भरतो.

आता खरं-खोटं. जुना रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे पुरा एक तोळा. गुजरीत (सराफ बाजारात) आज तोळा म्हणजे 10 ग्रॅम, तेव्हा सांगताना ग्रॅममध्येच सांगा. चांगल्या स्थितीतला रुपया 11.5 च्या खाली उतरला तर प्रश्न विचारा. दुसरी कसोटी पाण्याची. 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. रुपया बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा; तळाला किंवा कडेला लागू देऊ नका आणि नाण्याला चिकटलेले बुडबुडे झटकून टाका. 91.7 टक्के चांदीचा असेल तर काटा सुमारे 1.13 दाखवेल, 50 टक्क्यांचा 1.22 च्या आसपास. 1.3 आला तर तांबं-निकेल किंवा पितळ आहे.

1939 च्या रुपयासाठी ही कसोटी नक्की लावा, कारण त्यात फसवणूक फार. खरा 1939 चा रुपया जास्त चांदीचा आणि साध्या दातेरी काठाचा असतो. काठाच्या मधोमध खाच दिसली तर तो काठ 1940 पासूनच्या रुपयाचा. काठ बरोबर असला तरी शेवटचा आकडा भिंगाखाली पाहा, कारण 8 कोरून त्याचा 9 करतात.

पाण्याची कसोटी एका ठिकाणी फसते. लक्ष्मीपूजनासाठी राणीच्या किंवा राजाच्या छापाचे नवे चांदीचे रुपये सराफाकडे मिळतात. चांदी खरी असल्याने घनता जुळते, पण ते नाणं नव्हे. वजन बहुधा 10 ग्रॅम असतं आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल दिसतात. लोहचुंबकाचाही तसाच घोटाळा होतो. चांदीचा रुपया चिकटला तर खोटा, पण 1946-47 च्या निकेलच्या अधेल्या-पावल्या आणि 1947 चा रुपया चिकटायलाच हवा.

कडी लावून माळेत घातलेले रुपये आपल्या भागात पुष्कळ. कडी काढून डाग घासला तरी राजाच्या डोक्यावर, बाराच्या ठिकाणी काठाचे दाते सपाट झालेले दिसतात. खण भरायला चालतील, पण चांगल्या नाण्याची किंमत मोजू नका. जुन्या पिशवीत शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) निघाली तर ती या संचात बसत नाही. वेगळी ठेवा, घासू मात्र नका.

घासण्याबद्दल थोडं जास्त लिहावं लागतं. चिंच, लिंबू, रांगोळी, भांडी उजळायची पावडर, सराफाचं चांदी उजळायचं पाणी, यांतलं काहीही लावलं की नाण्याची मूळ त्वचा जाते आणि ती परत येत नाही. पूजेतल्या रुपयाच्या अक्षरांत हळद-कुंकू बसलेलं असतं. तेवढंच काढायचं तर रसायनांच्या दुकानातलं शुद्ध ॲसिटोन काचेच्या वाटीत घ्या, नाणं 15 मिनिटं बुडवा, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुऊन मऊ कापडाने नुसतं टिपा. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ निरांजन, गॅस पेटता नको.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात नाणी मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली की त्यांवर हिरवा चिकट थर येतो. तो पीव्हीसीचा असतो आणि ॲसिटोनने निघतो. पण तांब्या-कांशाच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा उगवत असेल तर तो क्षाराचा रोग आहे; ते नाणं बाकीच्यांपासून लगेच बाजूला काढा. पुठ्ठ्याच्या चौकटी वापरा, पिना चपट्या करा, म्हणजे शेजारच्या नाण्याला ओरखडे जाणार नाहीत. डब्यात सिलिका जेल ठेवा. रबर बँड नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

परदेशी वसाहतींचे संच करणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: नाण्यावर राजा आहे म्हणून ते दशमानपूर्व (शंभर भागांचं चलन येण्याआधीचं) ठरत नाही. सिलोन, हाँगकाँग, स्ट्रेट्स सेटलमेंट्स आणि पूर्व आफ्रिका यांची राजाच्या मुखवट्याची सेंटची नाणी दशमानच आहेत, तरी मिश्र ढिगात ती 'जुनी' म्हणून खपवली जातात. शिलिंग-पेन्सचा खरा संच ऑस्ट्रेलिया (1966 पर्यंत), न्यूझीलंड (1967), दक्षिण आफ्रिका (1961), फिजी आणि जमैका (1969), नायजेरिया (1973) यांचा. आपल्याकडून सुरुवात करायला ऑस्ट्रेलियाची पेनी चांगली, कारण पहिल्या महायुद्धात काही पेन्या कोलकात्यात आणि दुसऱ्या महायुद्धात मुंबईत पाडल्या गेल्या. त्यांवर इंग्रजी आय अक्षर आहे. ब्रिटिश पश्चिम आफ्रिकेच्या शिलिंगमध्ये चांदी आणि 1920 नंतरचं पितळ असे दोन प्रकार लागतात.

एडवर्ड आठव्याचं नाणं मागायला बरेच जण येतात. भारताच्या चलनात ते नाही. 1936 सालच्या आपल्या नाण्यांवर पाचवा जॉर्जच आहे. त्याचं नाव हवं तर पश्चिम आफ्रिका, पूर्व आफ्रिका, फिजी आणि न्यू गिनी यांची भोकाची नाणी किंवा कच्छ संस्थानाची 'कोरी' नावाची नाणी शोधा. भोकाच्या नाण्यांवर चेहरा नाही, नावच आहे.

शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्याने पुरावशेष आहे, परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. वाडा पाडताना किंवा शेतात नाणी सापडली आणि त्यांची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल, तर 1878 च्या कायद्यानुसार कलेक्टरला कळवावं लागतं. अशी नाणी आम्ही घेत नाही.

दुकानात येताना हव्या असलेल्या नाण्यांची यादी किंमत, साल, टांकसाळ, धातू या क्रमाने लिहून आणा. 'सहावा जॉर्ज, चवली' एवढंच लिहिलं तर पिवळी की पांढरी हे विचारण्यातच वेळ जातो. नाणी दाखवायला आणणार असाल तर आहेत तशीच आणा, धुऊन-पुसून नको.