ग्रिडला न दिसणारी छतावरची वीज

छतावरच्या सौर पॅनेलची बरीचशी वीज त्याच घरात खर्च होते. ग्रिडच्या नियंत्रण कक्षाला ती थेट दिसत नाही. दुपारी मागणी घटली एवढंच कळतं. मग दाट ढग सरकत आला की हजारो छतांवरची निर्मिती काही मिनिटांत कोसळते आणि तेवढा भार एकदम ग्रिडवर येतो. कुठे किती पॅनेल आहेत हेच ठाऊक नसेल, तर राखीव वीज किती तयार ठेवायची?

नोंदणी असतेच की, असं कुणी म्हणेल. जर्मनीत 2019 पासून त्यासाठी एकच राष्ट्रीय नोंदवही आहे. पण बऱ्याच ठिकाणी नोंदी विखुरलेल्या असतात आणि पॅनेल बसवलं, पुढे काढलं, तरी कागदावर तसंच राहतं. म्हणून वरून पाहायचं. मात्र सेंटिनेल-2 या उपग्रहाचा एक पिक्सेल 10 मीटरचा, आणि घरगुती पॅनेल जेमतेम पावणेदोन मीटर लांब. तिथे विमानातून घेतलेली बारकाव्याची छायाचित्रंच कामाला येतात.

2018 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ‘डीपसोलर’ ही संगणकप्रणाली वापरून अमेरिकेच्या सलग 48 राज्यांतले सुमारे 14.7 लाख सौरसंच शोधले. गंमत अशी, की शिकवताना तिला बहुतेक चित्रांबाबत ‘यात पॅनेल आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगितलं होतं. कडा तिने स्वतःच ओळखल्या. अशा प्रणाली फसतातही. छतातली काचेची खिडकी किंवा पाणी तापवणारा सौरबंब वरून पॅनेलसारखाच दिसतो. ब्रिटनमध्ये ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या स्वयंसेवकांनी हाताने खुणा केल्या, त्या सरकारी नोंदींशी जुळवल्या आणि अडीच लाखांहून अधिक संचांची खुली यादी तयार झाली.

पॅनेल सापडलं की पुढे क्षमतेचा हिशोब. 20 टक्के कार्यक्षमतेच्या पॅनेलला एका किलोवॉटसाठी साधारण 5 चौरस मीटर जागा लागते. पण उतरत्या छपराचं क्षेत्रफळ वरून कमी भासतं: 30 अंशांच्या उतारावर 20 चौरस मीटर दिसलं तर खरं 23 असतं. दिशाही महत्त्वाची. पश्चिमेकडे तोंड असलेलं पॅनेल एकूण वीज थोडी कमी देईल, पण उशिरा, संध्याकाळची मागणी चढू लागते तेव्हा देईल.

देशाचा एकूण आकडा बातमीला बरा. नियोजनाला मात्र हवा असतो एकेका रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) हिशोब. एकाच रोहित्रावर खूप छतं आली, की उन्हाच्या वेळी वीज उलटी वाहते, विद्युतदाब चढतो आणि पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे इन्व्हर्टर आपोआप बंद पडतात. हे आधी कळलं तर रोहित्र बदलायचं की शेजारच्या फीडरवर, म्हणजे वीजवाहिनीवर, भार वळवायचा, हे वेळेत ठरवता येतं. कुठल्या वस्त्यांची छतं रिकामीच राहिली आहेत तेही याच नकाशावर दिसतं, त्यामुळे अनुदान कुणापर्यंत पोचलं नाही हे विचारता येतं.

घरातली बॅटरी मात्र कुठल्याच छायाचित्रात येत नाही. दुपारची किती वीज रात्रीसाठी साठवली गेली, हे अजून मीटर आणि नोंदणीवरूनच काढावं लागतं.